पैनगंगेचा उतार

अकोल्याहून वाशीमला जाण्यास रेल्वे असतानाही आईने पातूर, मेडशी, मालेगाव अशी सडकच धरावी असा आग्रह केला, आणि पंच्याऐंशीव्या वर्षी पहिल्यांदाच काही मागणाऱ्या माणसास कारण विचारणे मला प्रशस्त वाटले नाही. निघण्यापूर्वी आम्ही शहरातील सिंधी कॅम्प या वस्तीत माझ्या परिचयाच्या एका वृद्ध कापडव्यापाऱ्याकडे चहाला थांबलो. फाळणीनंतर त्यांचे वडील कराचीहून आगबोटीने मुंबईस उतरले आणि तेथून वऱ्हाडात आले. आम्ही कोठे निघालो हे कळल्यावर ते आईकडे वळून शांतपणे म्हणाले, ‘‘आमचा मुलूख पुन्हा दिसणारच नव्हता, ताई, म्हणून आम्ही इथं लवकर रुजलो. तुम्हाला तर तुमचं गाव रोज दिसत होतं.’’ आईने उत्तर दिले नाही, परंतु पातूर मागे पडेपर्यंत ती एकही शब्द बोलली नाही यावरून ते वाक्य तिच्या मनात कोठपर्यंत पोहोचले असेल याची मला कल्पना आली.

पातूर सोडल्यावर सडक घाट चढू लागते. जुन्या दप्तरांत वऱ्हाडचे पायनघाट आणि बालाघाट असे जे दोन विभाग आढळतात, त्यांची सांधणी ती हीच: खाली पूर्णेचे काळेभोर, सपाट, कापसाचे खोरे आणि वर अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पाठीवर पसरलेले, खडकाळ, सागाच्या झुडपांचे आणि आता सोयाबीनचे पठार. हे पठार दक्षिणेकडे हळूहळू उतरत पैनगंगेपाशी संपते, आणि त्या उतरणीवर वाशीम वसले आहे. अकबराच्या अमदानीत ‘सरकार बासीम’ म्हणून ‘आईन-ए-अकबरी’त त्याची नोंद झाली, पुढे निजाम आणि नागपूरकर भोसले यांच्या दोअमलीत रयतेने दोन धन्यांना वसूल भरला, इंग्रजी अमलात ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झाले, १९०५ साली तो जिल्हा मोडून अकोल्यात विलीन झाला, आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा स्वतंत्र झाला. राज्ये बदलली की सरहद्दी हलतात हे आपण पुस्तकात वाचतो. वाशीमच्या माणसाला ते आपल्या पायाखाली मोजता येते.

माझ्या पिशवीत दंडीच्या ‘दशकुमारचरिता’ची एक जीर्ण प्रत होती. या प्रवासात ती बरोबर घेण्याचे कारण असे की, वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. आणि त्या घराण्याचा शेवट कसा झाला याविषयी शिलालेख जेथे मौन धरतात तेथे दंडीची एक कथा बोलू लागते, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले आहे. हरिषेण हा या शाखेचा अखेरचा पराक्रमी राजा. त्याचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे खोदविले. हरिषेणानंतर मात्र काही वर्षांतच हे वैभव दिवा विझावा तसे नाहीसे होते. ‘दशकुमारचरिता’च्या आठव्या उच्छ्वासातील विश्रुत या कुमाराच्या कथेत विदर्भाच्या ज्या राजकुलाचा विनाश वर्णिला आहे, त्यामागे याच घटनांची स्मृती असावी, हे मिराशींचे अनुमान. कथेला इतिहासाचा दाखला मानताना हात राखूनच लिहावे लागते हे मी जाणतो. पण ज्याने आपल्या आईच्या तोंडून परागंदा झाल्याची हकीकत ऐकली आहे, त्याला दंडीने हे सारे कल्पनेतून रचले असेल असे वाटणे कठीण आहे.

कथा अशी. विदर्भाचा तरुण राजा अनंतवर्मा बुद्धिमान, पण दंडनीतीचा कंटाळा असलेला. वसुरक्षित नावाचा वृद्ध मंत्री त्याला राज्यशास्त्र शिकण्याचा उपदेश करतो आणि विहारभद्र नावाचा एक खुशमस्कऱ्या त्या उपदेशाची टवाळी करून राजाला चैनीत गुंतवतो. शेजारच्या अश्मक देशाचा राजा वसंतभानू आपल्या मंत्र्याच्या मुलाला हद्दपारीचे सोंग देऊन विदर्भात पाठवतो, त्याच्याकरवी राजाला मृगया, द्यूत आणि मद्य यांत गुंतवून राज्य आतून पोखरतो, वनवासीच्या राजाला स्वारीस उठवतो, अनंतवर्म्याच्या मांडलिकांना फोडतो, आणि नर्मदेच्या काठी झालेल्या युद्धात अनंतवर्मा मारला जातो. मग लुटीच्या वाटणीवरून त्याच मांडलिकांना एकमेकांवर घालून सर्व प्रांत एकटा गिळतो. येथवर राजनीतीचे प्रकरण. परंतु मला ज्या पानांनी अनेक रात्री झोपू दिले नाही, ती यापुढची आहेत. वसुरक्षित हा राणी वसुंधरा, तेरा वर्षांची मुलगी मंजुवादिनी आणि धाकटा राजपुत्र भास्करवर्मा यांना घेऊन निघतो आणि वाटेतच दाहज्वराने मरतो. उरलेली माणसे त्यांना माहिष्मतीला, राजाच्या सावत्र भावाच्या आश्रयाला नेतात. तो आश्रयदाता राणीकडे वाईट दृष्टीने पाहतो आणि तिने धिक्कारल्यावर मुलाच्याच जिवावर उठतो. तेव्हा राणी नालीजंघ नावाच्या एका म्हाताऱ्या सेवकाला सांगते की, याला घेऊन कोठेही जा, जगलात तर निरोप पाठव. विंध्याच्या अरण्यात मुलाला तहान लागते; म्हातारा विहिरीतून पाणी काढायला वाकतो आणि आत पडतो; आणि काठावर एकटा रडत उभा राहतो तो मुलगा, ज्याचे वय दंडीने मुद्दाम नोंदले आहे: सुमारे आठ वर्षे.

या दंडीविषयी आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ‘अवंतिसुंदरीकथे’वरून दिसते की त्याचे पूर्वज विदर्भातील अचलपूरचे, आणि कांचीत वाढलेला दंडी स्वतः परचक्र आले तेव्हा लहान वयात नगर सोडून वर्षानुवर्षे भटकला. विहिरीच्या काठावरचे ते मूल त्याने कोठे पाहिले असेल, हा प्रश्न मग उरत नाही.

आई १९४८ च्या वैशाखात वाशीमला आली तेव्हा आठ वर्षांची होती.

तिचे गाव पैनगंगेच्या पलीकडे, हिंगोली तालुक्यात, नदीपासून अडीच कोसांवर. नदीच्या अलीकडे मध्यप्रांत-वऱ्हाड, म्हणजे स्वतंत्र हिंदुस्थान; पलीकडे निजामाची हैदराबाद रियासत, जिने सामील होण्यास नकार देऊन २९ नोव्हेंबर १९४७ चा जैसे थे करार तेवढा पत्करला होता, आणि जेथे कासिम रझवीच्या रझाकारांनी खेडोपाडी धुमाकूळ मांडला होता. स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसचा लढा सरहद्दीवरच्या कॅम्पांतून चालला होता, आणि ज्या गावात त्या कॅम्पांतला एखादा तरुण भाकरीला थांबे त्या गावावर दुसऱ्या दिवशी संकट कोसळे. आजोबांच्या गावाचे तसेच झाले. शेजारचे गाव जळाल्याची बातमी आली त्या रात्री गाव उठले. पूर्णा जंक्शनहून येणारी निजामाची रेल्वे त्या काळी हिंगोलीलाच संपत असे. वाशीमची वाट बैलगाडीची आणि पायांची. वैशाखात पैनगंगेला उतार होता, आणि गुडघाभर पाण्यातून आजोबांनी डोक्यावर जे गाठोडे नेले त्यात भांडीकुंडी नव्हती. देवांची डबी आणि जमिनीच्या कागदांचा बस्ता होता.

तो बस्ता आईने जन्मभर सांभाळला आहे. त्यातील पावत्या, जमाबंदीचे उतारे, सारा भरल्याच्या नोंदी सर्व उर्दूत, कारण रियासतीचे दप्तर उर्दूत चाले. ते आजोबांना वाचता येत नव्हते. वाशीममध्ये ते कागद वाचून, कोणता हप्ता भरला आणि कोणता बाकी आहे हे एका चिठ्ठीवर मोडीत लिहून दिले ते तेथील एका मुसलमान शिक्षकाने, आणि त्याबद्दल काही घेण्यास त्याने नकार दिला. पैशांचीही तीच कथा. आजीच्या कंबरेच्या कशात होते ते हाली रुपये. वाशीमच्या बाजारात चालत ते कलदार. सात हालीला सहा कलदार हा सरकारी भाव, पण अडलेल्याला सराफ तो देत नसे. नदी ओलांडताच आपल्या रुपयाचा रुपया राहत नाही, हे निर्वासिताचे पहिले शिक्षण.

दुपारी आम्ही वाशीमला पोहोचलो आणि सरळ बालाजी मंदिरात गेलो. भोसल्यांच्या कारकिर्दीत भवानी काळू यांनी ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधले. मूर्ती परचक्राच्या भयाने पूर्वी जमिनीत पुरून ठेवल्या होत्या व पुढे त्या सापडल्या, असे येथे सांगतात. आईचे कुटुंब पहिल्या अकरा रात्री मंदिराच्या परिसरात राहिले. तिने बराच वेळ खांबांकडे पाहिले आणि एका कोपऱ्याजवळ थांबून म्हणाली, ‘‘इथं माय चूल मांडायची नाही. म्हणायची, चूल मांडली की बिऱ्हाड झालं. आपण पाव्हणे हाओत.’’ अकरा दिवस आजीने फुटाणे, गूळ आणि कोणी दिलेली भाकर यांवर मुले जगवली, पण तीन दगड मांडले नाहीत. पुढे एका वाड्यातील खोली मिळाली, आजोबा जिनिंगवर हमालीला जाऊ लागले, तेव्हा कोठे चूल पेटली. आणि त्या दिवशी आजी रडली.

कापडव्यापाऱ्याच्या वाक्याचा अर्थ मला त्या कोपऱ्यात उलगडला. दूर गेलेल्या माणसाला मायभूमीची बातमी महिन्यांनी येते आणि येते तेव्हा ती जुनी असते. आजोबांना ती दर आठवडी बाजाराला येई: कोणाचे बैल नेले, कोणाची कडब्याची गंजी पेटली, आपल्या घराचे दार उघडे आहे की नाही. ते नदीवर जात, पलीकडचा माणूस उतारात उभा राहून बोले आणि हे अलीकडच्या वाळूत बसून ऐकत. पेरणीचे दिवस आले, पाऊस झाला, आणि आपल्या शेतावर पडलेला पाऊस आपल्याच अंगावर पडत असताना पेरायला जाता येत नव्हते. आईच्या आठवणीत तिचे वडील त्या पावसात कधी घरात बसले नाहीत. अंगणात उभे असत. मृगाचा पाऊस दोन राज्यांवर एकदम पडतो, ही गोष्ट ज्याने परक्या अंगणात उभे राहून सोसली नाही त्याला तिचे दुःख सांगून समजणार नाही.

आणि ही सरहद्द तरी किती जुनी! १९३९ साली वाशीमचा एक ताम्रपट प्रकाशात आला. वाकाटक नृपती दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्माहून दिलेले ते दानपत्र. वंशावळ संस्कृतात आणि दानाचा मजकूर बहुतांशी प्राकृतात. दिलेले गाव नान्दीकडाच्या उत्तर मार्गावरचे, आणि नान्दीकड म्हणजे आजचे नांदेड असे विद्वान मानतात. म्हणजे पंधराशेहून अधिक वर्षांपूर्वी वाशीमचा राजा पैनगंगेपलीकडची जमीन अशी देत होता, जशी आपण परसातली द्यावी. जवळच्या हिस्से बोराळ्याचा शिलालेख शके ३८० मध्ये देवसेनाच्या राज्यात बांधलेल्या ‘सुदर्शन’ तलावाची नोंद करतो; राज्य पाणी अडवीत होते, माणसे नव्हे. नदीची खरी सरहद्द झाली ती १८५३ च्या तहाने, जेव्हा कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केला. त्या फौजेची एक छावणी हिंगोलीसच होती. छावणीचा खर्च भागेना म्हणून नदीवर नाके बसले, आणि ९५ वर्षांनी त्याच नदीत एका आठ वर्षांच्या मुलीचे पाऊल थबकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हिंगोलीच्या सडकेने निघालो. पुलावर आईने गाडी थांबवायला लावली. पाणी गढूळ आणि भरपूर होते. उतार कोठे असेल ते दिसत नव्हते. पुढच्या गावाचे नावच कन्हेरगाव नाका. करोडगिरी केव्हाच उठली, पण नावातला नाका उठला नाही. ‘‘इथं झडती व्हायची,’’ आई म्हणाली आणि तिने नकळत मांडीवरची पिशवी जवळ ओढली.

दंडीच्या भास्करवर्म्याला विश्रुत त्या अरण्यात भेटतो, म्हाताऱ्याला विहिरीतून काढतो, मुलाला पाणी पाजतो आणि पुढे युक्तीने माहिष्मतीच्या गादीवर बसवतो. परंतु मुलगा विदर्भात परत येण्यापूर्वीच दंडीची पोथी तुटते. वसंतभानूचा पराभव आणि स्वदेशी पुनरागमन आज वाचायला मिळते ते नंतरच्या कोणा पूरककाराच्या हातचे. मी आईला हे सांगितले. ती म्हणाली, ‘‘आम्ही तर आलो ना परत.’’

१३ सप्टेंबर १९४८ रोजी हिंदी फौजा हैदराबादेत शिरल्या आणि १७ तारखेस निजाम शरण आला. कार्तिकात आजोबांचे कुटुंब नावेतून नदी उतरून गावी गेले. छपराची लाकडे गेली होती, भिंती होत्या. शेजारचे घर मणियाराचे. त्याची मुलगी आईच्या बरोबरीची, आणि आईच्या हातात पहिल्या बांगड्या त्याच घरात भरल्या गेल्या होत्या. गाव उठले त्या रात्री गोठ्यातली गाय सोडून चारा घालण्याचे त्याने कबूल केले होते, आणि ती गाय जिवंत होती. मणियाराचे कुटुंब नव्हते. पोलीस ॲक्शननंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यात मुसलमानांवर जे ओढवले, त्याची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली व मृतांचा आकडा, तोही हात राखून, २७ ते ४० हजार असा दिला. तो अहवाल कित्येक दशके दप्तरात बंद राहिला. मणियार मारला गेला की कोठे निघून गेला हे गावात कोणी सांगितले नाही, आणि आजोबांनी विचारले तेव्हा लोक दुसरे बोलू लागले.

गावाच्या शिवेवर गाडी थांबली. आजोबांचे घर कधीच विकले गेले आहे. दोन्ही घरांच्या मधला आड मात्र आहे, त्यावर आता लोखंडी जाळी बसवली आहे. आई जाळीला धरून उभी राहिली.

‘‘आल्या दिवशी मायनं इथूनच पाणी शेंदलं,’’ ती म्हणाली. ‘‘घागर आमची व्हती. दोर त्यांचा व्हता, इथंच खुंटीला. तो झिजून तुटला तोवर आम्ही वापरला. नवा आणला तवा मायनं तुटका फेकू दिला नाही. घडी करून माळ्यावर ठेवला. म्हणाली, आले तर दाखवू, की तुमचा दोर आम्ही मोडून खाल्ला नाही.’’

मी विचारले, तो पुढे कोठे गेला.

‘‘घर विकलं तवा माळ्यावरच राहिला,’’ आई म्हणाली आणि जाळीतून खाली पाण्याकडे पाहत राहिली.