फाटलेलं शेवटचं पान

आमच्या वेळी कॉमिक वर्गात यायचं ते भूगोलाच्या पुस्तकात दडून. आता ते फळ्यावर येतं, खुद्द सरांच्या खडूनं.

इंद्रजाल कॉमिक मराठीतही निघायचं, पण मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात आमच्या हाती पडायचं ते हिंदी. चार आण्यांत एका रात्रीपुरता वेताळ भाड्यानं आणायचा, कंदिलाशी बसून फुग्यातलं हिंदी वाचायचं आणि आजीला आपल्या बोलीत सांगायचं. आजी विचारायची, "हा डोयाले फडकं बांधून काहून फिरते रे बापा?" याचं उत्तर कुठल्याच फुग्यात नसायचं. शेवटचं पान तर हमखास फाटलेलं. मग मधल्या सुट्टीत नळापाशी पाच पोट्टे पाच शेवट सांगायचे. आज त्या शेवटांची आठवण काढताना गळा दाटतो. खरं तर पाचातल्या चारांत वेताळ फक्त ठोसाच मारायचा.

आता सगळं राजरोस. 2021 मध्ये एनसीईआरटीच्या तिसरी ते बारावीच्या धड्यांवर शंभराहून जास्त कॉमिक निघाली, ती मोबाइलवर फुकट दिसतात. पान फाटायची सोय नाही.

आम्ही सापडलो की हातावर छडी बसायची, कॉमिक जप्त व्हायचं आणि दुकानदार घरी यायचा तो वेगळाच. बहिणींच्या वाट्याला तर फक्त ऐकणं. 1990 मध्ये इंद्रजाल बंद पडलं तेव्हा आम्ही हळहळलो, पण तोवर विकत घेतलेला अंक आमच्यापैकी किती जणांकडे होता, हे विचारू नका.

आता मुली चौकोन आखतात, फुगे भरतात. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, त्यावर एकीनं चित्रकथा केली. तिच्यातला कलेक्टर हिंदी बोलतो आणि संत्रेवाला बाप मराठी. दोघांचंही एकमेकांना नीट कळतं.

सातवीतल्या नातवानं गोटमार, म्हणजे आमची दगडफेकीची जत्रा, काढली, चार चौकोनांत. पहिल्यात जाम नदी, मधोमध पळस, वर झेंडा. दुसऱ्यात सावरगावच्या काठावरून उगारलेला हात. चौथ्यात डोक्याला पट्टी बांधलेला काका. तिसरा कोरा.

"इथं काहून काही नाही?" सरांनी विचारलं म्हणे.

"गोटा येऊन राहिला ना, सर."

आमच्या पाच शेवटांना कोणी गुण दिले नव्हते. याला दहापैकी सात मिळाले. तीन कोऱ्या चौकोनाचे कापले.