वीतभर चरा

मागच्या डाव्या दाराच्या मुठीखाली तो राहतो. लांबीला जेमतेम वीतभर. रत्नागिरीत वाऱ्याने फाटक उलटं फिरलं, त्याची कडी बाबांच्या रुपेरी गाडीला घासत गेली, आणि हा जन्माला आला. पहिल्या दिवशी मला त्याच्याकडे बघवेना. दुसऱ्या दिवशी पाण्याची बादली घेऊन त्याच्यापाशी उकिडवा बसलो, तेव्हा कळलं की हा एका स्वभावाचा नाही.

डोक्याकडे तो भित्रा आहे. ओलं फडकं फिरवलं की नाहीसा होतो, वाळला की पुन्हा उमटतो. नख त्यात अडकत नाही. म्हणजे तिथे तो वरच्या पारदर्शक क्लिअर कोटातच आहे. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, आपल्या केसापेक्षाही पातळ. पुढे तो धीट होतो. नख अडकतं, रुपेरी रंग संपतो आणि खालचा प्रायमर दिसतो. शेपटीला मात्र तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत त्याने थेट पत्रा गाठलाय. खाऱ्या हवेने तिथे चारच दिवसांत तांबूस ठिपका धरला.

शेजारच्या काकांनी रबिंग कंपाउंडची डबी आणून दिली. पण कंपाउंड चरा भरत नाही, त्याच्या आजूबाजूचा थर घासून त्याच्या पातळीला आणतं. ऊन अडवणारा थर तोच. तो दरवेळी थोडा थोडा कमी होतो. गॅरेजवाले म्हणाले, "अख्खं दार मारून देतो, नवं दिसेल." विम्यातून करायचं तर पुढच्या वर्षीची नो क्लेम बोनसची सवलत गेली असती, पण मी अडलो ते त्यासाठी नाही. कारखान्यात रंग चढतो तो नुसत्या सांगाड्यावर, आणि साधारण १४० अंशांवर भाजला जातो. गॅरेजच्या बूथमध्ये गाडीत रबर, प्लॅस्टिक, वायरी सगळंच असतं, म्हणून ६० अंशांच्या आसपास थांबावं लागतं. तो मूळ थर एकदा घासून काढला की परत मिळत नाही. त्यात रंग रुपेरी! त्यातले अॅल्युमिनियमचे कण कसे पडतात त्यावर छटा बदलते; समोरून जुळलेलं दार तिरकं पाहिलं की वेगळं दिसतं. ते लपवायला शेजारच्या पत्र्यावरही फवारा न्यावा लागतो. वीतभर चऱ्यासाठी दोन धडधाकट पत्र्यांचा रंग घालवायचा, हे मला पटेना.

म्हणून त्याच्या तीन स्वभावांना तीन उपाय केले. डोक्याला हलक्या हाताने कंपाउंड, एकदाच. शेपटीचा गंज काडीच्या टोकाला पॉलिश पेपर गुंडाळून खरवडला, पत्रा लखलखल्यावर प्रायमरचा थेंब ठेवला. मग मध्यापासून शेपटीपर्यंत गाडीच्या कलर कोडप्रमाणे आणलेला टचअपचा रंग, एक पातळ हात, वाळू देऊन दुसरा, आणि शेवटी क्लिअर. घाई केली की रंगाचा फुगवटा येतो, म्हणून रविवारची अख्खी दुपार त्यालाच दिली.

तो गेलेला नाही. संध्याकाळचं तिरकं ऊन दारावर आलं की मुठीखाली बारीक शिवण दिसते. बाबा गाडी पुसताना तिथे अंगठा फिरवतात. पावसाळा उलटून गेला, तांबूस ठिपका अजून आलेला नाही.