वाटणीपत्रातील एक ओळ

कुलवृत्तांत हा प्रकार आपल्या समीक्षेने फारसा गांभीर्याने घेतलेला नाही. इतिहासकार त्याला दुय्यम साधन मानतात आणि वाङ्मयाचे अभ्यासक त्याला वाङ्मयच मानीत नाहीत. वस्तुतः त्याला निवेदक असतो, नायक असतो, कोकणातून घाट चढून आलेल्या मूळपुरुषाच्या रूपाने एक निश्चित आरंभ असतो, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, काय सांगायचे नाही याविषयीचे कडक संकेत असतात. हे संकेत कोणी लिहून ठेवलेले नसतात. ते पाळले गेले आहेत हे कळण्यासाठी वृत्तांताच्या बाहेरचा एखादा कागद हाती यावा लागतो. असा कागद माझ्या हाती आला, आणि तो वाचताना वाचक म्हणून माझे काय झाले, ते येथे नोंदवावयाचे आहे.

आमच्या घराण्याच्या छापील वृत्तांतात माझ्यापासून सातव्या पिढीतील एका पूर्वजाला दोन पाने मिळाली आहेत. पेशवाईच्या उत्तरकाळात ते एका लहानशा मामलतीत कारकून होते. १८०२ साली यशवंतराव होळकरांनी पुण्यावर स्वारी केली, तिच्या पाठोपाठ दख्खनेत १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ पडला, त्या वेळी या गृहस्थांनी आपले पेव उघडून गाव जगवला, असे वृत्तांत सांगतो. लहानपणापासून मी ही गोष्ट ऐकत आलो. वडील ती सांगत तेव्हा त्यांचा आवाज किंचित बदलत असे. घराला एक अन्नदाता लाभला होता, आणि त्याच्या पुण्याईवर आम्ही सारे उभे होतो.

निवृत्तीनंतर मी मोडी शिकलो. घरच्या पेटीतील रुमाल सोडून एकेक कागद लावू लागलो. मोडीत शब्द तोडून लिहिण्याची पद्धत नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो; आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली लेखणी न उचलता अक्षरे जोडीत जायचे. त्यामुळे शब्द कोठे संपतो हे वाचकालाच ठरवावे लागते. या पूर्वजांच्या निधनानंतर दोघा मुलांत झालेले शके १७४८ चे, म्हणजे १८२६ चे, वाटणीपत्र मी प्रथम वाचले, तेव्हा तांब्यापितळेची भांडी संपून गुरे सुरू होण्यापूर्वीच्या एका ओळीत मला ‘कुणबी’ असा शब्द दिसला. एखाद्या कुळाचा उल्लेख असावा असे समजून मी पुढे गेलो. शब्दानंतरचा ‘ण’ मी पुढच्या शब्दाला जोडून टाकला होता. मराठीत ‘ण’ने सुरू होणारा शब्द नाही, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मी आयुष्यभर भाषा शिकविली, आणि तरीही काही आठवडे मला ते ठाऊक नव्हते.

शब्द ‘कुणबीण’ असा होता. संख्या एक. तिच्यापुढे तिची लेकरे, संख्या दोन.

मराठी कागदपत्रांशी परिचय असलेल्या वाचकाला या शब्दाचे नवल वाटणार नाही. मोल्सवर्थच्या कोशातही त्याचा दासी हा अर्थ नोंदलेला आहे. पेशवे दप्तरात कुणबिणींच्या खरेदीचे, देवघेवीचे, पळून जाण्याचे आणि पकडून आणण्याचे उल्लेख विपुल आहेत. दुष्काळात आईबापांनी विकलेल्या मुली, व्यापाऱ्यांनी परमुलखातून आणलेल्या स्त्रिया, बदकर्माच्या आरोपावरून सरकारने दास्यात घातलेल्या स्त्रिया, आणि दासीच्या पोटी जन्मली म्हणून दासी ठरलेली मुले, अशा अनेक वाटांनी माणसे या शब्दात येऊन पडत. सरकारी कोठ्या, पागा आणि किल्ले यांवर त्या राबत, तशाच खाजगी घरांतही राबत. घरात पाणी भरणारी व दळणकांडण करणारी बाई स्पृश्य जातीची असणे आवश्यक होते. तशी ती नाही असे मागाहून उघड झाल्यास सबंध घराला प्रायश्चित्त घ्यावे लागे. प्रायश्चित्त विटाळाचे होते, विकत घेण्याचे नव्हे. एका कष्टकरी जातीतील स्त्रीचे नाव हेच दास्याचे नाव व्हावे, यात भाषेने केलेला व्यवहार मला त्या खरेदीइतकाच थंड वाटतो.

वाटणीपत्रावरून मागे जात मी जमाखर्चाच्या वह्यांपर्यंत पोचलो. सुहूर सन अर्बा मयातैन व अलफ, म्हणजे १२०४. इसवी सन १८०३-०४. दुष्काळाचे वर्ष, पेव उघडल्याचे वर्ष. खर्चाच्या बाजूला जोंधळे दोन मण, आणि त्यांच्या बदल्यात पोर एक, वय अदमासे आठ वर्षे. ती आणि तेवीस वर्षांनंतरच्या वाटणीपत्रातील कुणबीण एकच, असे कोणताही कागद मला सांगत नाही. दोहोंपैकी एकाही ठिकाणी नाव नाही. पण दुसऱ्या कोणाची खरेदीही त्या वह्यांत मला आढळली नाही.

येथे माझ्यातील वंशज पुढे सरसावला. त्याने युक्तिवाद केला की, त्या वर्षी ती पोर बाहेर राहती तर बहुधा मेली असती. तिच्या आईबापांनी दोन मणांत आपले व तिचे, दोहोंचे प्राण वाचविले. आपण जिला खरेदी म्हणतो, तिला त्या काळचा माणूस आश्रय म्हणाला असता. हा युक्तिवाद सर्वस्वी खोटा नाही, म्हणूनच तो धोक्याचा आहे. त्याचे उत्तर मला कोणत्याही आधुनिक नीतिविचारात शोधावे लागले नाही, ते त्याच वहीत होते. त्या वहीत ‘धर्मादाय’ असे एक स्वतंत्र सदर आहे. गोसाव्याला दिलेले पीठ, देवळात दिलेले तेल, गावात वाटलेले धान्य, हे सारे त्या सदराखाली आहे. म्हणजे पेव उघडल्याची गोष्टही खरीच आहे. परंतु हे दोन मण धर्मादायात नाहीत, ते खरेदीच्या खर्चात आहेत. दान आणि सौदा यांतील भेद माझ्या पूर्वजाला स्पष्ट कळत होता. त्याने तो स्वतःच्या हाताने लिहून ठेवला. तो पुसण्याचे काम पुढे कुलवृत्तांताने केले, आणि क्षणभर मीही तेच करू पाहत होतो. एकाच पेवातले धान्य दोन कथनांत गेले. त्यांपैकी एक छापले गेले.

वाटणीपत्रातील तपशील आणखी एक आहे, आणि तो लिहिणे मला सोपे जात नाही. आई थोरल्या मुलाकडे गेली, तिच्यासोबत एक लेकरू गेले. दुसरे धाकट्याकडे आले. आमची शाखा धाकट्याची. त्या लेकरांचा बाप कोण, याविषयी कागद मुका आहे. या मौनातून एखादी कादंबरी उभी करता येईल, आणि ती करण्याचा मोह मला झाला, हे नाकारत नाही. परंतु जिचे नाव घेण्याचीही ज्यांना गरज भासली नाही, त्यांच्याच वंशजाने तिला आता मन, स्वप्ने आणि स्वगते बहाल करावीत, ही मला मालकीचीच एक नवी तऱ्हा वाटते.

आपल्याकडे या गोष्टीची स्मृती इतकी पुसट का? १८३३ च्या कायद्याने ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी रद्द झाली, तेव्हा मालकांना दोन कोटी पौंडांची भरपाई मिळाली. भरपाईसाठी दावे करावे लागले, आणि त्यांतून मालकांची सूची आपोआप तयार झाली. आज लंडनमधील अभ्यासकांनी ती सर्वांसाठी खुली केली आहे. कंपनीच्या ताब्यातील हिंदुस्थान मात्र त्या कायद्यातून वगळला गेला. येथे १८४३ चा पाचवा कायदा आला. त्याने गुलाम बाळगणे हा गुन्हा ठरविला नाही. गुलामावरील मालकीहक्क न्यायालये मानणार नाहीत, एवढेच सांगितले. भरपाई नाही, म्हणून दावे नाहीत, म्हणून यादी नाही. १८६२ पासून दंडसंहिता अमलात आली, तोवर बहुधा कुणबिणी ‘घरच्या जुन्या बाया’ होऊन गेल्या होत्या. शब्द बदलला आणि प्रश्न मिटला. अमेरिकेत एडवर्ड बॉल यांनी आपल्या गुलामधारक घराण्याचा शोध घेऊन लिहिलेल्या पुस्तकाला १९९८ चा राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला. गुलामांच्या वंशजांना शोधून त्यांच्या दारी जाणे त्यांना शक्य झाले. मी कोणाच्या दारी जावे? ते दार कदाचित माझ्याच गावात असेल, कदाचित माझ्याच आडनावाचे असेल.

या शोधानंतर माझे वाचनही पूर्वीसारखे राहिले नाही. जनाबाई स्वतःला नामदेवाची दासी म्हणवते. आपण तिचे अभंग शिकविताना दास्य हा भक्तीचा एक प्रकार म्हणून सांगतो, दळणाकांडणात विठ्ठल हातभार लावतो याला प्रतिमा म्हणतो, आणि पुढे जातो. परंतु परंपरा जे सांगते ते असे: गंगाखेडची एक लहान मुलगी पंढरपुरास दामाशेटींच्या घरी ठेवली गेली आणि तेथेच राबत मोठी झाली. जनाबाईची स्थिती आणि माझ्या वहीतील पोरीची स्थिती एक होती, असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणतो की, रूपक होण्यापूर्वी तो शब्द कोणाचा तरी दिवस होता. पहाटे जात्यापाशी सुरू होणारा. समीक्षेने रूपकाच्या बाजूने इतके लिहिले आहे की, शब्दाची दुसरी बाजू आता अनोळखी वाटते.

वडील गेल्यानंतर महालय मी करतो. श्रद्धेने करतो असे नाही, करतो. पितरांची नावे घेऊन पिंड दिल्यावर शेवटी धर्मपिंड असतो. त्याच्या मंत्रांत दोन्ही कुळांत दास होऊन राहिलेल्यांचा, भृत्यांचा, आश्रितांचा उल्लेख येतो. लहानपणापासून दर भाद्रपदात हे शब्द माझ्या कानावर पडत होते. संस्कृत मला येत होते. तरीही ते मी ऐकले नव्हते; जसा तो ‘ण’ मी वाचला नव्हता.

गेल्या महालयात ते ऐकले. पितरांसाठी नाव आणि गोत्र, दासांसाठी केवळ वर्गवाचक शब्द: कर्मकांडाची व्याकरणव्यवस्था वाटणीपत्राच्याच व्यवस्थेसारखी आहे. गुरुजींनी नावे विचारली, तेव्हा सातव्या पिढीतील त्या गृहस्थांचे नाव मी सांगितले. ते परंपरेत बसत नाही, तीनच पिढ्या पुरेत, असे गुरुजी म्हणाले. मग धर्मपिंडाच्या वेळी मी थांबलो. गुरुजींनी वर पाहिले. सांगण्यासारखे नाव माझ्यापाशी नव्हते. त्यांनी मंत्र पुढे चालू केला.

छापील वृत्तांताच्या घरातील प्रतीत त्या दोन पानांच्या मध्ये मी एक कोरा कागद चिकटविला आहे, आणि त्यावर वहीतील व वाटणीपत्रातील दोन्ही नोंदी देवनागरीत उतरवून ठेवल्या आहेत. कोणतेही भाष्य लिहिलेले नाही. शब्द मात्र तोडून लिहिले आहेत, म्हणजे पुढच्या वाचकाला चुकण्याची सोय राहू नये.