कार्व्हरच्या शिवारात

कॅन्सस सिटीहून दक्षिणेकडे निघालेला इंटरस्टेट 49 हा रस्ता मिझुरी राज्याच्या पश्चिम कडेने थेट खाली उतरत जातो. जुलै महिना होता. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचा मका, मग सोयाबीन, मग गवताचे मोठे गोल भारे पडलेली कुरणं. बटलर गेलं, नेवाडा गेलं. गाडी माझी भाची चालवत होती आणि मागच्या सीटवर तिचा शाळकरी मुलगा होता. आम्ही डायमंड नावाच्या, हजाराहून कमी वस्तीच्या गावाकडे निघालो होतो.

अमेरिकेत फिरायला आलेल्या मराठी माणसाच्या यादीत हे गाव सहसा नसतं. पण त्या गावाचा माणूस आपल्या घरातला आहे. 1981 साली वीणा गवाणकर यांचं ‘एक होता कार्व्हर’ राजहंस प्रकाशनाने काढलं आणि गुलामीत जन्मलेला एक कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ महाराष्ट्राच्या शाळाशाळांत पोहोचला. आमच्या शाळेच्या कपाटात ते पुस्तक क्वचितच दिसायचं, कारण ते कायम कुणा ना कुणाच्या दप्तरात असायचं. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर जिथे जन्मले, ती जमीन आज राष्ट्रीय स्मारक आहे आणि दर जुलैत तिथे ‘कार्व्हर डे’ साजरा होतो. दिवस मुख्यतः मुलांसाठी असतो. तो पाहायचा, हे मी पक्कं ठरवलं होतं.

वाटेत लामार लागलं. हॅरी ट्रुमन 1884 साली इथे जन्मले. पुढे सिनेटर असताना त्यांनीच कार्व्हर स्मारकाचं विधेयक सिनेटमध्ये मांडलं. कार्व्हर 5 जानेवारी 1943 रोजी गेले आणि त्याच वर्षी 14 जुलैला स्मारक मंजूर झालं. महायुद्ध ऐन भरात असताना हे घडलं, हे विशेष. कृष्णवर्णीय व्यक्तीच्या नावे झालेलं हे अमेरिकेतलं पहिलं राष्ट्रीय स्मारक. कार्व्हर डे जुलैत येतो तो याचमुळे.

रात्रीचा मुक्काम जॉप्लिनला होता. शिसं आणि जस्ताच्या खाणींवर वाढलेलं हे शहर. कवी लँगस्टन ह्यूज यांचा जन्म इथला. पण या भागाचा इतिहास कडवट आहे. 1901 साली पिअर्स सिटीत, 1903 साली जॉप्लिनमध्ये आणि 1906 साली स्प्रिंगफील्डमध्ये गोऱ्या जमावांनी कृष्णवर्णीय माणसांना ठार मारलं, पिअर्स सिटीत आणि जॉप्लिनमध्ये त्यांची घरंही जाळली. शेकडो माणसं घरदार सोडून निघून गेली, त्यांतली बरीच कायमचीच. त्यामुळे आजही या टापूत कृष्णवर्णीय कुटुंबं थोडीच आहेत. ज्या मातीतून त्यांना हुसकावून लावलं, तिथेच आता त्यांच्या एका मुलाचा उत्सव होतो आणि त्यासाठी माणसं दुरून गाड्या करून येतात. हे मनात ठेवूनच दुसऱ्या दिवशी डायमंडला पोहोचायला हवं असं मला वाटलं.

गावापासून पश्चिमेला दोन-अडीच मैलांवर स्मारक आहे. प्रवेशाला तिकीट नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन तापलं होतं आणि हवेत आपल्या मे अखेरीसारखा दमटपणा होता. हिरवळीवर पांढरे मंडप, खुर्च्या, पंखे. चर्चच्या गायकवृंदाचं गाणं सुरू होतं आणि म्हाताऱ्या बायका हातातले पुठ्ठ्याचे पंखे हलवत त्याच तालावर टाळ्या देत होत्या. लालकाळ्या रंगाचे सारखे टीशर्ट घातलेली एका चर्चची मुलं बसमधून उतरत होती.

मंडपाकडे जाण्याआधी आम्ही पायवाटेने गेलो. सुमारे मैलभराची ही फेरी आहे. सुरुवातीलाच जमिनीवर ओंडक्यांची एक चौकट आखून ठेवली आहे. जॉर्ज जिथे जन्मला त्या झोपडीची ही जागा. चौकट बारा बाय बारा फुटांची. “मामाआजोबा, एवढंच घर?” भाचीच्या मुलाने विचारलं आणि तो आत जाऊन उभा राहिला.

एवढंच. आणि तेही स्वतःचं नव्हे. जॉर्जची आई मेरी हिला मोझेस कार्व्हर या शेतकऱ्याने 1855 साली 700 डॉलरला विकत घेतलं होतं. यादवी युद्धाच्या धामधुमीत रात्री आलेल्या लुटारूंनी मेरीला आणि तान्ह्या जॉर्जला पळवून नेलं. मूल परत मिळालं, ते आणून देणाऱ्याला मोझेसने घोडा बक्षीस दिला. मेरी पुन्हा कधीच सापडली नाही. जॉर्जला स्वतःचं जन्मवर्षही नक्की ठाऊक नव्हतं; साधारण 1864 धरतात. युद्ध संपलं, गुलामी गेली आणि मोझेस व सुसान या निपुत्रिक जोडप्याने जॉर्जला आणि त्याच्या भावाला घरातच वाढवलं.

पुढे ओढा लागतो. काठच्या झाडीत एका दगडावर बसलेल्या मुलाचा पुतळा आहे, हातात रोपटं घेतलेला. शिल्पकार रॉबर्ट अमेंडोला. तब्येतीने नाजूक म्हणून जॉर्जला शेतातली जड कामं नसत. तो या झाडीत स्वतःची छोटी बाग राखायचा, आणि शेजारपाजारचे लोक आजारी रोपं त्याच्याकडे आणायचे. पुढे वाट मोकळ्या प्रेअरीत शिरते. कमरेच्या वर आलेलं गवत, त्यात जांभळी आणि पिवळी रानफुलं, नारिंगी फुलांची मिल्कवीड आणि तिच्यावर फुलपाखरं. नांगराखाली गेलेलं हे मूळचं गवताळ रान इथे पुन्हा वाढवलं आहे. कार्व्हर यांची पहिली शाळा हे रान होतं, कारण जवळच्या खऱ्या शाळेत काळ्या मुलाला प्रवेश नव्हता.

परत आलो तर मंडपात मुलांची झुंबड उडाली होती. एका लांब टेबलावर कृष्णवर्णीय शास्त्रज्ञांची आणि संशोधकांची चित्रं मांडली होती. प्रत्येक मुलाने एक चित्र उचलायचं, मागचा मजकूर वाचायचा आणि त्या माणसाने काय केलं ते समोरच्याला आपल्या शब्दांत सांगायचं, असा खेळ होता. एका मुलीने गॅरेट मॉर्गन यांना उचललं. 1916 साली क्लीव्हलँडला एरी सरोवराखालच्या बोगद्यात स्फोट होऊन कामगार अडकले, तेव्हा मॉर्गन स्वतः बनवलेला धूररोधक मुखवटा चढवून आत उतरले. वाहतुकीच्या सिग्नलचं त्यांचं पेटंट 1923 चं. एका मुलाकडे लुईस लॅटिमर होते. बेल यांच्या टेलिफोनच्या पेटंटची रेखाटनं त्यांनी काढली आणि विजेच्या दिव्यातली कार्बनची तार टिकाऊ केली. पर्सी ज्युलियन यांनी 1935 साली काचबिंदूवरचं औषध प्रयोगशाळेत घडवलं, पॅट्रिशिया बाथ यांनी मोतीबिंदू लेझरने काढण्याचं उपकरण तयार केलं. मुलं अडखळत, हातवारे करत सांगत होती आणि मोठी माणसं मन लावून ऐकत होती.

आमच्या मुलाच्या हाती नॉर्बर्ट रिलियू आले, आणि मला फार आनंद झाला. आमचा सांगलीकडचा उसाचा मुलूख या माणसाच्या कल्पनेवर चालतो. रिलियू 1806 साली न्यू ऑर्लिन्सला जन्मले, पॅरिसला शिकले. त्या काळी लुइझियानात गुलाम माणसं उघड्या काहिलींतून उकळता रस पळ्यांनी एकीतून दुसरीत ओतत, भाजून निघत. रिलियूंनी बंद भांड्यांची रांग केली. पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ दुसऱ्याला उष्णता देते, आणि दुसऱ्यात हवेचा दाब कमी ठेवल्याने तिथला रस कमी तापमानालाच उकळतो. एकाच वाफेवर दोन-तीनदा काम होतं, जळण वाचतं, साखर करपत नाही. 1843 साली त्यांना पेटंट मिळालं. आज महाराष्ट्रातल्या प्रत्येक साखर कारखान्यात रस आटवणाऱ्या बॉडींची जी रांग दिसते, तिचं मूळ हे. मी हे मुलाला मराठीत सांगितलं, त्याने ते समोरच्या आजींना इंग्रजीत सांगितलं. आजींनी त्याला आणखी एकदा सांगायला लावलं आणि आपल्या नातवाला जवळ ओढून म्हणाल्या, “ऐकतोयस ना? आपल्या माणसाचं काम यांच्या गावापर्यंत पोचलंय.”

स्मारकाच्या इमारतीत मुलांसाठी प्रयोगशाळा आहे. तिथल्या टेबलावर शेंगवर्गीय पिकाची मुळासकट उपटलेली रोपं ठेवली होती. मुळांवरच्या बारीक गाठी मुलं भिंगातून पाहत होती. त्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नत्र पिकाला खाऊ घालतात. कार्व्हर यांचं सगळं काम या गाठीपासून सुरू होतं. आयोवात शेतीशास्त्राची पदवी आणि 1896 साली मास्टर्स पदवी मिळवून ते बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून अलाबामातल्या टस्कीगी इथल्या त्यांच्या शिक्षणसंस्थेत गेले. वर्षानुवर्षं कापूस घेऊन तिथली जमीन निःसत्त्व झाली होती, आणि कसणारे बहुतेक कर्जात बुडालेले कृष्णवर्णीय कुळवाडी होते. पुढे कापसाच्या बोंडावर सोंड्या नावाची कीड आली आणि उरलंसुरलं पीकही जाऊ लागलं. कार्व्हर सांगत राहिले: चवळी लावा, भुईमूग लावा, रताळी लावा, मग कापूस. पण भुईमूग पिकवून करायचं काय? म्हणून 1916 साली त्यांनी पुस्तिका काढली: भुईमूग कसा पिकवावा आणि त्याचे 105 खाद्यपदार्थ कसे करावेत.

इथल्या रेंजरबाईंनी एक गोष्ट मुलांना स्पष्ट सांगितली आणि ती मला फार आवडली. पीनट बटर कार्व्हर यांनी शोधलेलं नाही. भुईमुगापासूनच्या सुमारे तीनशे वस्तूंची त्यांची यादी आहे, तिच्यातलं बरंचसं आधीही लोकांना ठाऊक होतं. त्यांच्या नावावर पेटंटं तीनच. मग मोठेपण कशात? रेंजरबाईंनी एका मुलाला इमारतीतलं एक चित्र दाखवायला सांगितलं: घोडे जुंपलेली गाडी. 1906 साली निघालेली जेसप वॅगन. बियाणं, अवजारं, दुधाची उपकरणं घेऊन ती शेतकऱ्याच्या बांधावर जायची. ज्याला शाळा नाही, ज्याला वाचता येत नाही, त्याच्या दारात विज्ञान गेलं. रेंजरबाईंचं हे बोलणं ऐकताना मुलं एकदम गप्प झाली होती.

दुपारनंतर आम्ही निओशोला गेलो. कृष्णवर्णीय मुलांसाठीची शाळा तिथे आहे असं कळल्यावर दहाबारा वर्षांचा जॉर्ज आठ मैल चालत आला आणि शाळेशेजारच्या कोठारात झोपला. सकाळी तो मरायाह वॉटकिन्स या सुईणीला दिसला. तिने आणि तिच्या नवऱ्याने त्याला घरात घेतलं. जेवण झालं की घरकाम, कपडे धुणं, आणि मग पळत शाळेत. जेवढं शिकता येईल तेवढं शीक आणि मग ते आपल्या लोकांना नेऊन दे, असं ती त्याला सांगत असे. गावातली ती एका खोलीची शाळा आजही जागेवर आहे. तिच्यासमोर उभं राहिल्यावर कळतं की जेसप वॅगनची चाकं टस्कीगीच्या कारखान्यात बनली असतील, पण ती गाडी प्रत्यक्षात या सुईणीच्या अंगणातून निघाली.

डायमंडमध्ये मला आणखी एक नातं आठवत होतं. 1873 साली महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केली. तेव्हा जॉर्ज याच शिवारात होता, आठनऊ वर्षांचा, शाळेचं दार बंद असलेला. त्याच सुमारास पुण्यात ज्यांना शाळा बंद होती त्यांच्यासाठी जोतीराव-सावित्रीबाईंनी काढलेल्या शाळांना पंचवीस वर्षं होत आली होती. या दोन गोष्टी एकाच लढ्याच्या आहेत.

म्हणून कार्व्हर यांचं चरित्र केवळ प्रेरणादायी पुस्तक म्हणून वाढदिवसाला देऊन भागत नाही. आपल्याकडे विदर्भात, मराठवाड्यात कापूस तसाच आहे, कर्जही तसंच आहे, आणि कापसात तुरीची ओळ घेणाऱ्या शेतकऱ्याला कार्व्हर वेगळं काही सांगणार नाहीत. पण त्या शेतकऱ्याच्या मुलीला मुळांवरची गाठ भिंगातून कुणी दाखवली आहे का? आपल्यासारख्या घरातून, आपल्यासारख्या वस्तीतून आलेला शास्त्रज्ञ तिला कुणी नावानिशी सांगितला आहे का? डायमंडच्या मंडपात मी जे पाहिलं त्याला खर्च फार नाही. एक टेबल, काही चित्रं, एक भिंग, उपटलेली चार रोपं, आणि मुलं बोलत असताना ऐकणारी मोठी माणसं. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत, गावच्या वाचनालयांत, जयंतीच्या मंडपांत हे वर्षातून एक दिवस सहज होऊ शकतं. ज्यांनी ‘एक होता कार्व्हर’ वाचून डोळे पुसले आहेत, त्या प्रत्येकाने आपल्या गावात असा एक दिवस भरवावा.