जहाज थांबत नाही!

'अगं, पण जहाज चुकलं तर?' अलास्काचा प्लॅन ऐकून आईचा पहिला प्रश्न. क्रूझ सुवर्डहून सुटणार होती. आधीचे पाच दिवस पॅकेज न घेता आपलं आपण फिरायचं, हा माझा हट्ट. आईच्या गुडघ्यांना ग्रुपची घाई झेपत नाही ना!

पण पॅकेजची गाडी लेट झाली तर कंपनी बघते. आपली झाली तर आपणच. म्हणून वही घेतली आणि जहाजाच्या वेळेपासून उलटं गणित मांडलं. देनाली ते अँकरेज रेल्वेने जवळपास आठ तास. उन्हाळ्यात रोज एकच गाडी. पुढे सुवर्ड आणखी चार तास. देनाली पार्कात स्वतःची गाडी फक्त पहिले १५ मैल, पुढे बस. २०२१ मध्ये दरड सरकून रस्ता ४३व्या मैलाशी बंद झाला. म्हणजे बस कुठवर जाते, हे बुकिंगआधीच बघायचं.

पेच एकच. ६,१९० मीटरचं देनाली शिखर बऱ्याचदा ढगातच असतं. त्यासाठी एक दिवस वाढवू, की सुवर्डला एक रात्र आधी पोचू?

आई म्हणाली, 'डोंगर नाही दिसला तर मला चुटपुट लागेल. जहाज चुकलं तर तू स्वतःला माफ करणार नाहीस.'

डोंगर दिसला नाहीच. सुवर्डच्या त्या संध्याकाळी खाडीकाठच्या बाकावर आईने विचारलं, 'आता कुठे जायचंय?'

'कुठेच नाही.'

'बरं झालं,' म्हणत तिने पाय पसरले.