जलपरी आणि चालणारा मासा

प्रिय मुकुंदराव,

ज्या ग्रंथात जलपरी छापली आहे, त्यातल्या माशांची जात ठरवत बसणं हा पोरखेळ, असं तुम्ही लिहिता. लुई रनार याने १७१९ मध्ये ॲमस्टरडॅमला काढलेल्या ग्रंथाबाबत मला ते पटत नाही. त्यातली पुष्कळ चित्रं डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आंबोन बेटावर राहिलेल्या सामुएल फालुर्सच्या हातची. रंग भडक, वर्णनं अचाट. साक्षीदार बढाईखोर आहे, हे मान्य. पण म्हणून साक्ष फेकून द्यायची नसते, उलटतपासणी करायची असते.

फालुर्सचे दोन दावे शेजारी ठेवा. जलपरी पाण्याच्या टबात चार दिवस सात तास जगली आणि मधूनमधून उंदरासारखी ओरडली. दुसरीकडे एक मासा त्याच्या घरी तीन दिवस होता आणि कुत्र्यासारखा मागे मागे फिरे. सांगणारा तोच, थाटही तोच. फरक चित्रात आहे. बाई आणि मासा दोन्ही पाहिलेल्या कुणालाही ती जलपरी घरबसल्या काढता येईल. त्या माशाचे पर मात्र हातापायांसारखे आहेत, आणि समुद्रतळावर परांनी खरोखर चालणारे बेडूकमासे आंबोनच्या समुद्रात आजही आहेत. घरभर फिरणं ही थाप खुशाल माना. ते पर मनाने रचलेले नाहीत.

यावर तुम्ही म्हणाल, ज्याला मासा आधीच ठाऊक आहे त्याला चित्रात तोच दिसणार. आक्षेप रास्त आहे, आणि तो रंगांना सर्वाधिक लागू पडतो. छापील प्रती हातांनी रंगवलेल्या, त्यामुळे छटांवर भिस्त ठेवता येत नाही. शिवाय मासेही फसवतात: एम्परर एंजलफिशच्या पिल्लाच्या निळ्या अंगावर पांढरी वलयं असतात, मोठेपणी पिवळे पट्टे येतात, पूर्वी त्या पिल्लाला वेगळी जात समजून नावही दिलं गेलं होतं. म्हणून ओळखीची सुरुवात अंगाची घडण, परांची जागा, शिंगं-काटे यांवरून करावी. पट्टे-ठिपके नंतर, रंग सर्वांत शेवटी. थिओडोर पीच या मत्स्यतज्ज्ञांनी १९९५ मध्ये या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती काढून बऱ्याच चित्रांची ओळख पटवली. तेही बेडूकमाशांचे अभ्यासक, त्यामुळे तुमचा आक्षेप त्यांनाही लावून पाहावा. परांचा पुरावा तरीही उरतोच.

बेडूकमासे तर रंग बदलतात. तेव्हा फालुर्सच्या त्या माशाचं कुळ मी खात्रीने सांगेन. नेमक्या जातीसाठी केवळ या चित्राच्या भरवशावर पैज लावणार नाही.

आपला,
श्रीधर