उचलीवरचे सूर

गुढीपाडवा तोंडावर आला की नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात. दारावर फडाचं नाव, मालकाचा फोटो, कडेनं रंगीत फ्लेक्स. आत सतरंजी, एक टेबल, तारखांची वही आणि चहाचे कागदी कप. गावोगावच्या यात्रा कमिट्या इथं येऊन सुपारी देतात. आमच्या पिंपरी पेंढारहून आळेफाटा गाठायचा, नाशिक-पुणे रस्त्यानं खाली उतरायचं, की आलीच तमाशाची पंढरी. कमिटीवाले मला सोबत नेतात ते केवळ माझं अक्षर बरं आहे म्हणून. करारनामा मी लिहायचा, घासाघीस त्यांनी करायची.

"अष्टमी हवी आसंल तर आकडा येगळा पडंल, आण्णा. त्या दिशी निम्म्या मुलखाच्या जत्रा असत्यात."

"आकड्याचं बघू. मागल्या साली गवळण म्हणणारी ती बाई होती, ती ह्या साली हाय का?"

"हाय की. तिची उचल आमच्याकडंच हाय."

एवढ्यावर आण्णांचं समाधान झालं. बाईचा आवाज कसा आहे, नवं काय बसवलंय, हे कुणी विचारलं नाही. उचल आहे म्हणजे बाई आहे. हंगाम दसऱ्याला उघडतो, त्याच्या आधी मालकाकडून अंगावर पैसे घ्यायचे आणि वैशाखापर्यंत नाचून-गाऊन ते फेडायचे, ही फडाची जुनी रीत. घरात लग्न निघालं, कुणी आजारी पडलं, की उचल वाढते. फिटायच्या आत दुसऱ्या फडात जाता येत नाही. जायचंच तर नव्या मालकानं जुन्याचा हिशेब चुकता करायचा.

हे सगळं माझ्या पुतणीला सांगत होतो. कानात बोंडं घालून ती कोरियन गाणी ऐकत असते. आमच्याकडे कांद्याच्या वखारीपर्यंत रेंज येते आणि तिच्याबरोबर सोलही येतं. तिनं एक बोंड काढलं आणि म्हणाली, "काका, यांच्याकडे पण सेम असतं."

तिची लाडकी गायिका आययू. खरं नाव ली जी-उन, जन्म १९९३ चा. आईनं नातेवाइकाला जामीन राहून घर बुडवलं आणि पोरगी काही काळ आजीबरोबर, झुरळांनी भरलेल्या एका खोलीत वाढली. ऑडिशनांमागून ऑडिशनांत नापास होत अखेर एका कंपनीनं घेतलं; २००८ साली, पंधराव्या वर्षी, ती रंगमंचावर आली. २०१० च्या डिसेंबरात 'गुड डे' या गाण्यात एका दमात पायरी-पायरीनं वर चढणारे तीन सूर तिनं लावले आणि अख्ख्या देशाला तिचं नाव कळलं. ते गाणं दुसऱ्यांनी लिहिलेलं होतं. पुढं ती स्वतः लिहू लागली. २०१७ चं 'पॅलेट' हे शब्दही तिचे, चालही तिचीच. २०१८ साली 'माय मिस्टर' या मालिकेत तिनं केलेली भूमिका तर मी पुतणीच्या आग्रहानं पाहिलीच: सावकाराचं देणं फेडत, ऐकू न येणाऱ्या आजीला सांभाळणारी मुलगी. चेहरा कोरा ठेवून तिनं ते काम केलंय. जामीनकीनं घर उठलेली माणसं आमच्याकडेही सोसायटीच्या कर्जांमुळे घरटी सापडतील, म्हणून असेल, मला ती परकी वाटली नाही.

पण पुतणी जे 'सेम' म्हणाली ते निराळं होतं. तिकडच्या कंपन्या कोवळी पोरं निवडतात, वर्षानुवर्षं गाणं-नाच शिकवतात, राहण्या-जेवण्याची सोय करतात, आणि पुष्कळ ठिकाणी हा खर्च पुढच्या कमाईतून वळता होतो. पाच जणांच्या एका गाजलेल्या चमूतले तिघं २००९ साली कोर्टात गेले. त्यांचा करार १३ वर्षांचा होता. त्याच वर्षी तिथल्या सरकारी आयोगानं नमुना करार काढला आणि मुदत सात वर्षांवर आणली. उचलच ती. फक्त कागद चकचकीत, आणि दाद मागायला एक दार.

आमच्याकडचं दार कुठलं, याचा विचार करताना मला विठाबाई आठवतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. जन्म १९३५ चा, तोही पंढरपुरात, पण नाव लावलं नारायणगावाचं. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला, वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो चालवला. शाळेत मन रमलं नाही. शिकवणीही कुणाची नाही. फडात वाढणाऱ्या मुलाला वेगळं शिकवावं लागत नाही. कनातीमागे पेटाऱ्यांवर निजायचं, झोपेतच गण, गवळण, भेदिक कानात शिरायचं, आणि एके दिवशी पायात चाळ बांधून पुढं उभं राहायचं. कोरियातली कंपनी ज्यासाठी आरशांच्या खोल्या भाड्यानं घेते, ते इथं ट्रकच्या मागच्या फाळक्यावर फुकट मिळतं. फुकट म्हणजे बालपणाच्या मोलानं.

फडाच्या बोर्डावर जात सरळ लिहिलेली, याचंही मला नेहमी नवल वाटतं. तिकडं नट-गायक मूळ नाव टाकून सुटसुटीत नाव घेतात. इथं ज्या नावामुळे गावात पाणी वरून वाढायचे, तेच नाव पेट्रोमॅक्सच्या उजेडात मोठ्या अक्षरांत, आणि तिकिटाला तीच गावं रांगेत!

विठाबाईंची एक हकीकत सगळ्यांना पाठ आहे. दिवस भरलेले, खेळ रंगात आलेला, कळा सुरू झाल्या. त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ ठेचली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या. प्रेक्षकांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनीच हात जोडून खेळ थांबवला म्हणतात. ही गोष्ट सांगताना आमच्याकडच्या माणसांचा ऊर भरून येतो. माझा येत नाही. नऊ महिन्यांची गरोदर बाई त्या रात्री बोर्डावर का होती, हा प्रश्न मला आधी पडतो. सुपारी घेतलेली असते, तारीख मोडली तर आकडा कापला जातो, फडातली सगळी पोटं त्या एका बाईच्या पायांवर चाललेली असतात. त्यांच्या कलानिष्ठेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण निष्ठेचं कौतुक करून आपण हिशेबाचं पान उलटतो.

१९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींकडून विठाबाईंचा गौरव झाला. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचं बिल देणगीदारांनी भागवलं. २००६ पासून राज्य सरकार त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं. आंबेगावातल्या अवसरीचं नाव लावणारे सोंगाडे वसंत अवसरीकर यांना तो मिळाला, विठाबाईंची लेक मंगला बनसोडे यांनाही मिळाला. आईच्या नावाचा पुरस्कार घेताना लेकीला काय वाटलं असेल ते तिचं तिला ठाऊक.

आणि स्वतः लिहून स्वतः गाणारे? तेही आपल्याकडे थोडे नव्हते. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी वतन सोडून फडात आले, पठ्ठे बापूराव झाले. लावणीच्या शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफायचं, ही शाहिरांची रीत त्यांनीही पाळली. कॉपीराइट म्हणावा तर तेवढाच. संगमनेरकडच्या हिवरगावची पवळा त्यांची लावणी गायची तेव्हा मुंबईची थिएटरं भरायची. १९४५ साली पुण्यात ते गेले ते हलाखीतच. गीतकार-संगीतकाराला स्वामित्वधनाचा वाटा मिळालाच पाहिजे असा कायदा आपल्याकडे २०१२ साली झाला. तो राहुटीतल्या टेबलापर्यंत पोचल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

२०२० साल मात्र विसरता येत नाही. करोनानं जत्रा बंद, राहुट्या ओस, ट्रकांची चाकं जागच्या जागी. कलावंतांनी उचल घेतलेली, मालकांनी ती द्यायला व्याजानं काढलेली, आणि फेडायला एकही रात्र नाही. त्याच जूनमध्ये कोरियातल्या बीटीएसनं तिकीट लावून ऑनलाइन कार्यक्रम केला. एका वेळी साडेसात लाखांवर लोक बघत होते. त्यांत आमच्या गावच्या पोरी असतील तर मला आश्चर्य वाटणार नाही.

परवा खेळ संपल्यावर एका सुरत्याशी बोलत बसलो होतो. उसातून बिबट्या फिरतो म्हणून हल्ली लोक घोळक्यानं घरी जातात. घोळका जमेपर्यंत वेळ होता. गडी गाणीही लिहितो. मी त्याला आययूचं आणि तिकडच्या करारांचं सगळं सांगितलं, तिच्याच चालीचं गाणं मोबाईलवर लावून दिलं. त्यानं मांडीवर ठेका धरून पुरतं ऐकलं.

"गळा गोड हाय," तो म्हणाला. "गाणं तिचंच म्हनता?"

"शब्दही तिचेच."

"आन् पैसे?"

"लिहिण्याचे वेगळे, गाण्याचे वेगळे."

तो हसला. "सर, माझी वही मालकाकडं असती. कोणचं गाणं कुणी ल्हिलं ते बोर्डावर कोण सांगतंय? आन् सात वर्सांचा करार म्हनला न्हवं का? बरंय की त्यांचं. आमची अखितीला फिटती, दसऱ्याला पुन्यांदा चढती." मग ढोलकीवाल्याला हाक मारून त्यानं मला ते गाणं पुन्हा लावायला सांगितलं; ठेका उचलता येतोय का, ते दोघांना बघायचं होतं.